मांजराचें घमेलें व त्यांतील अस्तर

मांजराच्या देहधर्मांविषयीं या सदरांत लिहिण्याचा प्रसंग येईल, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. लग्नाच्या याद्या, दिवाळीचा फराळ, मुलांचे अभ्यास, सासू-सुनांचे समेट अशा विषयांची आम्हांस संवय आहे. परंतु गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें जें पत्र आलें, तें वाचून हा विषय क्षुल्लक म्हणून बाजूला सारणें आम्हांस योग्य वाटेना. पत्राचा मजकूर थोडक्यांत असा: घरांत माणसें नऊ, बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर, आणि तीन वर्षांचा एक बोका. बोक्यासाठीं न्हाणीघराशेजारीं मातीचें घमेलें ठेविलेलें आहे. तें वरचेवर घासावें लागूं नये म्हणून त्यांनीं त्यांत बाजारांत मिळणारें प्लास्टिकचें अस्तर घालण्यास सुरुवात केली. अस्तर म्हणजे घमेल्याच्या मापाची पिशवी. ती आंत पसरून तींत माती ओतावयाची, आणि माती खराब झाली कीं चारी कडा उचलून सगळें गांठोडें एकदम बाहेर. सोय उत्तम. पण महिना झाला नाहीं तोंच बोका घमेलें सोडून बैठकीच्या सतरंजीवर जाऊं लागला, आणि वडील दिरांनीं निकाल दिला कीं येत्या रविवारीं त्यास पोत्यांत घालून मंडईंत सोडून यावयाचें. अस्तर ठेवावें कीं काढावें, आणि बोका ठेवावा कीं सोडावा, दोन्ही प्रश्नांचें उत्तर कृपा करून लौकर द्यावें, असें त्या लिहितात.

पत्राखालीं दूरध्वनीचा क्रमांक होता म्हणून बरें. नाहींतर आमचें उत्तर छापून येईपर्यंत चार रविवार उलटून गेले असते. आम्हीं त्यांस त्याच दिवशीं जें सांगितलें त्यांत पहिली गोष्ट अस्तराची नव्हती. बोका वारंवार बसतो, ताण देतो, ओरडतो, आणि लघवी थेंबभर होते किंवा मुळींच होत नाहीं, असें दिसत असेल तर बाकीची चर्चा तेथेंच थांबवून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावें. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यांत बारीक खडे किंवा चिकट पदार्थ अडकून मार्ग बंद झाला म्हणजे एक-दोन दिवसांत प्राणाशीं गांठ पडते. सतरंजी खराब केली म्हणून ज्याला मार बसतो, तो पुष्कळ वेळां दुखणाईत असतो; घमेल्यांत बसलें कीं दुखतें, एवढेंच त्याला समजतें, आणि म्हणून तो दुसरी जागा शोधतो. सुदैवानें या बोक्याला तसें कांहीं निघालें नाहीं. तेव्हां रविवारचा बेत पुढें ढकलला गेला आणि अस्तराचा विचार करण्यास सवड मिळाली.

आमच्या लहानपणच्या वाड्यांत हा प्रश्न कोणास पडलाच नव्हता. मांजर परसांत जाई, बंबाच्या राखेच्या ढिगांत पंजानें खळगा करी, काम उरकून तो बुजवी, वास घेऊन खात्री करी, आणि शेपटी उभारून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं येऊन बसे. राख रोज नवी पडे, जुनी केळीच्या आळ्यांत जाई. यांत मांजराला कोणी शिकविलें होतें असें नाहीं. त्याचा मूळ पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया या कोरड्या प्रदेशांतील रानमांजर. भुसभुशीत माती उकरणें आणि झांकणें हें त्याच्या रक्तांतच आहे. माणसाशीं त्याची सोबतही फार जुनी. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका थडग्याशेजारीं मुद्दाम पुरलेलें मांजर सांपडलें, आणि ती हकीकत २००४ सालीं प्रसिद्ध झाली. एवढ्या सहवासांत मांजरानें आपल्या पुष्कळ खोडी पत्करल्या, पण माती उकरण्याचा आपला हक्क सोडला नाहीं.

वाडे गेले, परसें गेलीं, बंबही गेले. मांजर मात्र आमच्याबरोबर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आलें. थंड देशांत ही अडचण आपल्या आधींच उभी राहिली होती. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत १९४७ च्या जानेवारींत एका शेजारणीनें एडवर्ड लो नांवाच्या तरुणाकडे मांजरासाठीं वाळू मागितली. वाळू थंडीनें गोठलेली होती. म्हणून त्यानें कारखान्यांत सांडलेलें तेल टिपण्यासाठीं वापरतात ती वाळविलेल्या मातीची कणी तिला दिली. तिला ती इतकी पसंत पडली कीं पुढें त्यानें पांच पौंडांच्या पिशव्या भरून प्रत्येकी ६५ सेंटला विकावयास काढल्या, आणि मातीला एवढे पैसे कोण देणार म्हणून हंसणाऱ्या दुकानदारांस त्या आधीं फुकट वाटावयास सांगितलें. ही माती कोणती, तर आपल्या बायका ज्या मुलतानी मातीनें केस धुतात तिच्याच जातीची! पुढें १९८० नंतरच्या दशकांत बेंटोनाईट नांवाची, भिजतांच गोळा होणारी माती प्रचारांत आली. तिच्या मोठ्या खाणी आपल्या शेजारीं कच्छांत आहेत. या मातीचा गुण असा कीं लघवी झाल्याजागीं घट्ट गोळा बनतो, तो झाऱ्यानें उचलून टाकतां येतो, आणि बाकीची माती कोरडी राहते. ही गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण अस्तराच्या प्रश्नाचें निम्में उत्तर हींत आहे.

आतां आमच्या घरची हकीकत. तीन वर्षांपूर्वीं घरांत ठकी नांवाची मांजरी होती (अजून आहे), आणि तिचें घमेलें साफ करण्याचें काम धाकट्या सूनबाईंकडे होतें. तें तिला कोणीं सोंपविलें असें नाहीं. घरांत जें काम कोणाचेंच नसतें तें हळूहळू धाकट्या सुनेचें होतें. आमच्या पुतण्याला बायकोची दया आली. दया आल्यावर पुरुष सहसा जें करतात तेंच त्यानेंही केलें, म्हणजे बाजारांतून कांहींतरी विकत आणलें. बारा अस्तरांची एक गुंडाळी आली. पहिले आठ दिवस सर्वांनीं तिचें कौतुक केलें. रोज झाऱ्यानें गोळे वेंचण्याऐवजीं आठवड्यानें एकदां गांठोडें उचलावें, असें ठरलें. घमेलें घासण्याचें काम तर संपलेंच, असें वाटलें.

दुसऱ्या आठवड्यांत न्हाणीघराच्या बाजूनें वास येऊं लागला. गांठोडें उचलूं गेलें तों तळाशीं पांच-सहा ठिकाणीं नखांनीं चिरा पडलेल्या, त्यांतून ओल खालीं उतरून घमेल्याच्या बुडाशीं साचलेली, आणि पिशवीच्या चुण्यांत जें अडकलें होतें त्याचें वर्णन येथें करीत नाहीं. म्हणजे घमेलें घासावयाचें तें घासावें लागलेंच. वर भिजलेलें प्लास्टिक सोडविण्याचें काम वाढलें. तरी अस्तर चालूं राहिलें, कारण पैसे दिलेले होते. तिसऱ्या आठवड्यांत ठकीनें घमेलें सोडलें आणि आत्याबाईंचें सोवळें पसंत केलें.

ज्या वाचकांच्या घरीं सोवळ्याचें पातळ अजून उंच काठीवर वाळत पडतें, त्यांस पुढील प्रसंग सांगावयास नको. आत्याबाईंचें वय त्या वेळीं ७८. पातळ वाळून घडी करून चौरंगावर ठेविलेलें, आणि त्या घडीवर ठकी. दोन दिवसांनीं पुन्हां तेंच. घरांत सभा भरली. दादांचें मत, मांजर जावें. वहिनींचें मत, मांजर जावें, पण मुलें शाळेंत असतांना. मुलांनीं जेवण सोडलें. सूनबाई गप्प होती. आश्चर्य असें कीं ज्यांचें सोवळें बिघडलें त्या आत्याबाई म्हणाल्या, "दादा, मांजर म्हणजे सटवाईचें वाहन. सूनबाईला चवथा महिना आहे. या दिवसांत तें दारांतून हांकलूं नये. आधीं त्याला काय होतंय तें बघा." शास्त्र कोणतें कां असेना, त्यामुळें चार दिवस मिळाले, आणि आम्ही ठकीला टोपलींत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलों.

त्यांनीं मांजर तपासलें, लघवी तपासली, दोष निघाला नाहीं. मग त्यांनीं विचारलें, "घरांत गेल्या महिन्यांत नवीन काय आलें?" आम्ही पाहुणे, रंगकाम, नवें कपाट वगैरे सांगूं लागलों. अस्तर कोणाच्या ध्यानींही नव्हतें. तें दादांच्या तोंडून सहज निघालें. डॉक्टरीणबाई हंसल्या आणि म्हणाल्या, "आज घरीं गेल्यावर तें काढा."

कारणें त्यांनीं समजावून सांगितलीं तीं अशीं. मांजर उकरतें तें तळापर्यंत. मातीच्या जागीं पंजाला गुळगुळीत पिशवी लागली, ती सरकली, चुरचुरली, तिच्यांत नख अडकलें, कीं कित्येक मांजरांना तें एकदांच पुरतें. पुढल्या वेळीं तीं दारांतूनच परततात. दुसरें, पिशवीच्या चुण्यांत लघवी मातीपर्यंत न जातां तशीच राहते. तेथें जंतूंमुळें तिच्यांतून अमोनिया निघतो, आणि तो वास आपल्या नाकाला येण्याच्या पुष्कळ आधीं, घमेल्याशीं नाक लावणाऱ्या मांजराला येतो. तिसरें, कांहीं मांजरांना प्लास्टिक चावण्याची खोड असते. गिळलेला तुकडा आंतड्यांत अडकला तर पोट चिरावें लागतें. यावर दादांनीं विचारलें कीं मग दुकानदार तीं विकतात कशाला. "मांजर विकत घ्यायला येत नाहीं म्हणून," असें उत्तर मिळालें. दादांस तें फारसें रुचलें नाहीं.

पण त्या दिवशींचा खरा प्रश्न पुढें होता. निघतांना त्यांनीं विचारलें, "घमेलें साफ कोण करतें?" सूनबाईकडे बोट गेलें. तिची अवस्था कळतांच त्यांचा सूर बदलला. मांजराच्या विष्ठेंतून टॉक्सोप्लाझ्मा नांवाच्या एका सूक्ष्म जीवाचे बीजकोश बाहेर पडूं शकतात. गरोदर स्त्रीला त्याची लागण प्रथमच झाली, तर गर्भाच्या डोळ्यांस व मेंदूस इजा होण्याचा संभव असतो. म्हणून अशा स्त्रीनें तें काम करूं नये. दुसरें कोणीच नसेल तर हातमोजे घालून करावें व मागाहून हात साबणानें स्वच्छ धुवावे. आत्याबाईंचा चेहरा उतरलेला पाहून त्यांनीं लगेच हेंही सांगितलें कीं एवढ्यासाठीं मांजर सोडण्याचें कारण नाहीं. घरांतच राहणारें, उंदीर किंवा कच्चें मांस न खाणारें मांजर क्वचितच या रोगाचें वाहक असतें. ज्याला लागण होतें तेंही बहुधा आयुष्यांत एकदां, एक ते तीन आठवडे बीजकोश टाकतें. माणसांना तो अर्धकच्च्या मांसांतून, न धुतलेल्या भाजींतून आणि बागेच्या मातींतूनही येतो. आमच्या शाकाहारी घरांत धोका शोधावयाचा तर तो कोथिंबिरीच्या जुडींत आधीं शोधावा लागेल.

मात्र यांतील एक बारकावा आमच्या मनांत रुतून बसला आहे. हे बीजकोश बाहेर पडतात त्या क्षणीं निरुपद्रवी असतात. त्यांना रोग देण्याचें बळ येण्यास १ ते ५ दिवस लागतात. म्हणजे रोजची घाण रोज उचलणें हाच खरा बंदोबस्त. आणि आम्हीं काय केलें होतें? सूनबाईचे कष्ट वांचावेत म्हणून असें साधन आणलें, कीं ज्याच्या भरंवशावर रोजचें काम आठवड्यावर ढकललें गेलें, आणि आठवड्याचें तें मुरलेलें गांठोडें उचलावयास पुन्हां तीच! फाटक्या पिशवीखालचें घमेलेंही तिनेंच घासलें होतें. परत येतांना गाडींत कोणी बोललें नाहीं. सुदैवानें तिच्या रक्ताच्या तपासणींत कांहीं आढळलें नाहीं, हें येथेंच सांगून टाकतों. वाचकांस उगाच घोर नको.

त्या संध्याकाळीं अस्तर निघालें, घमेलें धुतलें गेलें, नवी माती पडली, आणि तिसऱ्या दिवशीं ठकी आपल्या जागीं गेली. झारा दादांनीं हातांत घेतला. त्यांस कोणीं सांगितलें नाहीं. सकाळीं फिरावयास जाण्यापूर्वीं ते न्हाणीघराकडे वळले एवढें खरें. पहिले दोन दिवस नाकाला उपरणें होतें.

आतां धुण्याविषयीं चार शब्द, कारण अस्तर वापरावेंसें वाटतें तें धुण्याच्या भीतीनें, आणि धुतांना आपल्या घरीं जी चूक होते ती अस्तरापेक्षां घातक आहे. आपल्याकडे स्वच्छता म्हटली कीं फिनाईल. पण फिनॉलच्या जातीचीं द्रव्यें निरुपद्रवी करण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार थोडी असते. जीं द्रव्यें आपण बेधडक फरशीवर ओततों, तींच घमेल्याला लागून पंजावर येतात, मांजर पंजा चाटतें, आणि विषबाधा होते. दुधी रंगाचीं, जखमा धुण्याचीं जंतुनाशकें याच माळेंतलीं. ब्लीचिंगचें पाणीही लघवीच्या घमेल्यांत ओतूं नये. अमोनियाशीं त्याचा संयोग होऊन घशाला झोंबणारा विषारी वायु निघतो. कडक पाणी, साधा साबण आणि ऊन, एवढ्यावर भागतें. गोळे रोज उचलले तर घमेलें दोन-चार आठवड्यांनीं धुतलें तरी चालतें. प्लास्टिकच्या घमेल्यावर कालांतरानें नखांचे ओरखडे पडून वास धरतो. मग तें बदलावें. स्टीलचें पसरट भांडें वास धरीत नाहीं, हें आम्हीं अनुभवानें लिहितों; मात्र तें स्वयंपाकघरांतील परातीसारखें दिसूं नये, नाहींतर घरांत दुसरी सभा भरते.

मापाविषयीं: मांजराच्या अंगाच्या लांबीच्या दीडपट घमेलें असावें, माती दोन-तीन इंच असावी, जागा जातायेतां कोणाच्या पायांत न येणारी पण कोंडलेली नसावी. एक मांजर असेल तर शक्य तों दोन घमेलीं, दोन असतील तर तीन. खराब माती शौचकूपांत कधींही टाकूं नये. गोळा होणारी माती नळांत काय करील याची कल्पना करावी. वर्तमानपत्रांत गुंडाळून कचऱ्यांत द्यावी.

मग अस्तर सर्वथा त्याज्य कीं काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या एका स्नेह्यांकडील म्हातारी मांजरी माती उकरीतच नाहीं. येते, बसते, निघून जाते. तिला अस्तर असलें काय नि नसलें काय. घरांत एकटें वृद्ध जोडपें असेल, भरलेलें घमेलें उचलून झटकण्याची मनगटांत ताकद नसेल, तर त्यांनीं अस्तर अवश्य घालून पाहावें. पण तें जाड असावें, कडेला ताणून घट्ट बसवावें, तळाशीं चुणी राहूं देऊं नये, आणि माती चांगली खोल घालावी. बाजारहाटाच्या जुन्या पिशव्या मात्र यासाठीं नकोत. तशा पिशव्यांवर महाराष्ट्रांत २०१८ सालीं बंदी आली, ती सांदींतल्या सांठ्याला लागू नाहीं असें पुष्कळ घरें समजतात! कित्येकजण वर्तमानपत्राचे चार-पांच थर तळाशीं घालतात. तें नखांत अडकत नाहीं, पण भिजलें कीं लगदा होतो, तेव्हां रोज बदलण्याची तयारी पाहिजे.

आणि अस्तर रोजचा झारा वांचवीत नाहीं. तें वांचवितें तें फार तर महिन्याकांठचें एक धुणें, आणि तेंही पिशवी शाबूत राहिली तर. शिवाय रोज गोळे उचलणाऱ्याला किती गोळे पडले, केवढाले पडले, हें आपोआप कळतें. आज एकच आणि तोही सुपारीएवढा, असें दिसलें कीं तो सावध होतो. वर बोक्याच्या दुखण्याविषयीं जें लिहिलें तें अशानेंच वेळेवर ध्यानांत येतें. आठवड्याच्या गांठोड्यांत ही सगळी नोंद बुडून जाते.

मांजराचें मत घेण्याची रीत सोपी आहे. दोन सारखीं घमेलीं शेजारीं शेजारीं मांडावीं, माती एकच, एकांत अस्तर आणि एकांत नाहीं. आठ दिवस कोणत्यांत किती गोळे पडतात तें मोजावें. पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आम्हीं हेंच सुचविलें. त्यांचें उत्तर परवां आलें. बिनअस्तराच्या घमेल्यांत चोवीस गोळे, अस्तराच्या घमेल्यांत दोन, आणि सतरंजीवर पहिल्या दिवसानंतर कांहीं नाहीं. मोजणीचें काम वडील दिरांनीं स्वतः मागून घेतलें. त्यांनीं भिंतीवर तक्ता लाविला असून आठ दिवस संपले तरी ते मोजीतच आहेत, असें त्या लिहितात.

आमच्या घरच्या बारांपैकीं नऊ अस्तरें तशीच उरलीं. आत्याबाईंनीं तीं मागून घेतलीं, आणि पावसाळ्यांत पोथ्यांना ओल लागूं नये म्हणून एकेक पोथी एकेकींत बांधून ठेविली आहे.